उत्क्रांती म्हणजे शिडी नव्हे

आमच्या समाजात हल्ली दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. पहिले वडीलधाऱ्यांचे: "माणूस माकडापासून झाला म्हणे! आम्ही नाही मानत." दुसरे त्यांच्याच कर्त्यासवरत्या मुलांचे: "कोकणातल्या घाण्यावरून आपण मुंबईला आलो, मुंबईहून कोणी इस्राएलला गेले, कोणी इथे पॅरामॅटाला. केवढी उत्क्रांती झाली आपली!" पहिला उत्क्रांती नाकारतो, दुसरा तिचा अभिमान मिरवतो. दोघे एकाच मेजावर जेवतात आणि आपले एकमेकांशी पटत नाही असे समजतात. आमचे म्हणणे असे की या दोघांचे पुरते पटलेले आहे. उत्क्रांती म्हणजे खालून वर चढत जाणारी शिडी, हे दोघांनीही न बोलता गृहीत धरले आहे. एकाला त्या शिडीची खालची पायरी लाजिरवाणी वाटते, दुसऱ्याला वरची पायरी आपली वाटते, एवढाच काय तो फरक.

ज्या शब्दावरून हा वाद चालला आहे त्याची व्याख्या काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे. तो नुसता गमतीचा असता तर आम्ही या पानावर जागा अडवली नसती. पण मुले शाळेत हा विषय शिकून घरी येतात, प्रश्न विचारतात, आणि घरातून त्यांना मिळते ते एक तर "गप्प बस" असे उत्तर, नाही तर फुकाची फुशारकी. शिवाय याच शिडीवर माणसांना उभे करून त्यांची प्रतवारी लावण्याचा उद्योग या देशात झालेला आहे, आणि रक्ताची मोजदाद कशी बोचते हे आमच्या समाजाने स्वतः सोसलेले आहे. म्हणून आधी व्याख्या, मग वाद.

पॅरामॅटाच्या रहिवाशांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. चार्ल्स डार्विन या गावातून गेलेला आहे. १२ जानेवारी १८३६ रोजी 'बीगल' जहाज सिडनीला लागले आणि १६ तारखेला डार्विन घोड्यावरून बॅथर्स्टकडे निघाला. त्याची वाट पॅरामॅटावरून जात होती. तीन दिवसांनी, १९ तारखेला, निळ्या पर्वतांपलीकडे वॅलेरवँग येथे त्याने प्लॅटिपस पाहिला. या खंडातले प्राणी इतर जगाहून इतके निराळे का, असा प्रश्न त्याला तेथे पडला. अविश्वासू माणूस म्हणेल की दोन निरनिराळे निर्माते कामाला लागले असावेत, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले; आणि लगेच, एकाच हाताचे हे काम दिसते, असाही निर्वाळा दिला. परतताना पॅरामॅटाजवळ हॅनिबल मॅकार्थर यांच्या 'व्हाइनयार्ड' नावाच्या घरी तो जेवला. उत्तर त्याला तेव्हा सापडलेले नव्हते. त्याचा ग्रंथ निघाला तो तेवीस वर्षांनी, १८५९ मध्ये.

आता त्या ग्रंथाची एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. पहिल्या आवृत्तीत 'उत्क्रांती' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'इव्होल्यूशन' एकदाही आलेला नाही. त्याचे एक क्रियापद तेवढे ग्रंथाच्या अगदी शेवटी, अखेरचा शब्द म्हणून येते. डार्विन आपल्या सिद्धान्ताला 'बदल होत जाणारी वंशपरंपरा' अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखीत असे. इतकेच नव्हे, तर 'उच्च' आणि 'नीच' हे शब्द कधी वापरू नयेत, अशी टीप त्याने दुसऱ्याच्या एका पुस्तकाच्या समासात स्वतःसाठी लिहून ठेवली होती. ती त्याला पुरती पाळता आली नाही. १८७१ च्या मानववंशावरील ग्रंथात त्याने माणसांच्या जमातींना रानटी आणि सुधारलेल्या अशा रांगेत बसवले, हे आम्ही लपवून ठेवणार नाही. परंतु गुरू आपल्याच टीपेपासून ढळला म्हणून टीप खोटी ठरत नाही.

'इव्होल्यूशन' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो मुख्यतः हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाने. १८६२ च्या आपल्या ग्रंथात त्याने व्याख्या केली ती साधारण अशी: जे विस्कळीत आणि एकजिनसी आहे ते सुसंघटित आणि विविधांगी होत जाणे म्हणजे उत्क्रांती. ही व्याख्या त्याने तारे, प्राणी, समाज, भाषा, व्यापार अशी सगळ्यांनाच लावली. 'जो लायक तोच टिकतो' हे वचनही १८६४ मध्ये त्यानेच घडवले. लोक ते डार्विनच्या नावावर खपवतात. महाराष्ट्रात आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर मोठ्या आदराने वाचला. त्यातून समाजसुधारणेला बळ मिळाले, हे खरेच. पण उत्क्रांती म्हणजे प्रगती, हा समजही त्या वाटेने आपल्या घरात शिरला.

आणि आपला मराठी शब्द या समजाला हातभार लावतो. 'उत्' म्हणजे वर, 'क्रांती' म्हणजे पाऊल टाकणे. शब्द उच्चारला की पाय आपोआप वरच्या पायरीवर पडतो. गंमत अशी की जुन्या संस्कृत ग्रंथांत हाच शब्द प्राण देह सोडून निघून जातो त्या क्षणाला लावलेला आढळतो. तेव्हा शब्दाच्या व्युत्पत्तीवरून शास्त्र शिकू पाहणाऱ्याने जरा जपून असावे.

जीवशास्त्रज्ञांची व्याख्या मग काय आहे? थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली आणि पाठ्यपुस्तकांनी थोड्याफार फरकाने तीच उचलली: एखाद्या जनसमूहाच्या आनुवंशिक घडणीत पिढ्यान्‌पिढ्या होणारा बदल म्हणजे उत्क्रांती. पाहा, यात माकड नाही, माणूस नाही, वर नाही, खाली नाही. समजा, एका खेड्यात शंभर माणसे आहेत. प्रत्येकाजवळ एका जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे सगळ्या मिळून दोनशे. त्यांपैकी साठ प्रती एका प्रकारच्या आहेत. चार पिढ्यांनंतर त्या खेड्यात शंभरच माणसे आहेत, पण त्या प्रकारच्या प्रती नव्वद झाल्या आहेत. झाली उत्क्रांती! कोणी कशावर चढले नाही. दोनशेतले साठ होते त्याचे नव्वद झाले, इतकेच.

या व्याख्येतला पहिला धडा असा की एकटा माणूस उत्क्रांत होत नाही. अलिबागचा मनुष्य मुंबईला गिरणीत लागला, त्याचा मुलगा रेल्वेत अधिकारी झाला, नातू पॅरामॅटात हिशेबनीस झाला, ही कर्तबगारी आहे, नशीब आहे, आईबापांचे कष्ट आहेत. तिला स्थलांतर म्हणा, प्रगती म्हणा, भाग्योदय म्हणा. उत्क्रांती म्हणू नका.

दुसरा धडा असा की मिळवलेले किंवा गमावलेले गुण जन्माने पुढे जात नाहीत. हे पटवायला आम्हांला दूर जावे लागत नाही. शेकडो पिढ्या आमच्या मुलांची आठव्या दिवशी सुंता होत आली आहे. तरी प्रत्येक पिढीत मोहेलला बोलवावेच लागते! लामार्कच्या मताप्रमाणे वारसा चालता, तर हा विधी केव्हाच अनावश्यक झाला असता.

तिसऱ्या धड्यासाठी पॅरामॅटातच थोडे चालावे. हॅरिस पार्कच्या आपल्या दुकानांपासून जवळच, रोझहिलला एलिझाबेथ फार्म हे १७९३ साली बांधलेले घर उभे आहे. १७९७ मध्ये केपहून स्पॅनिश मेरिनो जातीच्या मेंढ्या या वसाहतीत आल्या. या घरचे जॉन मॅकार्थर आणि पॅरामॅटाचे पाद्री सॅम्युअल मार्सडेन यांनी त्यांतल्या काही घेतल्या आणि पैदास सुरू केली. पुढे १८०९ ते १८१७ पर्यंत जॉन मॅकार्थर इंग्लंडात अडकून पडला, तेव्हा कळपांचा कारभार त्याच्या बायकोने, एलिझाबेथने, सांभाळला. मऊ लोकरीची मेंढी ठेवायची, राठ लोकरीची काढून टाकायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. एकाही मेंढीची लोकर तिच्या हयातीत मऊ झाली नाही. बदलला तो कळप. यात ध्येय होते, पण ते मालकांच्या डोक्यात होते. मेंढ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

निसर्गात असा मालकही नसतो. याच देशाचे उदाहरण घ्या. सशांनी येथील शेते फस्त केली, म्हणून १९५० मध्ये मिक्सोमा नावाचा विषाणू त्यांच्यात सोडण्यात आला. सुरुवातीला रोग लागलेल्या शंभर सशांपैकी नव्याण्णवांहून अधिक मरत. फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची वर्षे हिशेब ठेवला. थोड्याच काळात विषाणूचे सौम्य प्रकार जास्त पसरले, कारण ससा लगेच मेला तर त्याला चावून रोग पुढे नेण्यास डासाला सवड मिळत नाही. सशांतही तग धरणाऱ्यांची संतती वाढली. चाचणीसाठी ठरवलेल्या एकाच प्रकारच्या विषाणूने पूर्वी शंभरातले सुमारे नव्वद ससे मरत. काही वर्षांतच तो आकडा तिसाच्या आसपास आला. आता आमचा प्रश्न असा: सौम्य झालेला विषाणू वरच्या पायरीवर गेला की खालच्या? ससा सुधारला की बिघडला? हे प्रश्नच वेडगळ आहेत, आणि ते वेडगळ का आहेत हे ज्याला कळले त्याला व्याख्या कळली.

इतके असूनही तत्त्वज्ञांनी या व्याख्येला स्वस्थ बसू दिले नाही, आणि ते बरेच झाले. त्यांच्या हरकती ऐकण्यासारख्या आहेत. एक हरकत अशी की ही व्याख्या नुसती खतावणी आहे. जनुकांची जमा आणि खर्च ती सांगते. पण डोळा कसा घडला, पंख कसे फुटले, एका जातीच्या दोन कशा झाल्या, हे तिच्यात नाही. दुसरी हरकत बारकाईची आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ एलियट सोबर यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात या व्याख्येची तपासणी केली आहे. जवळच्या नात्यात लग्ने होत राहिली, तर जनुकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहूनही त्यांच्या जोड्यांची वाटणी बदलते. मग बदल झाला म्हणावे की नाही? मामा-आत्याच्या घरांत सोयरीक करणाऱ्या आमच्यासारख्या समाजाला हा प्रश्न निव्वळ पुस्तकी वाटू नये.

तिसरी हरकत कार्ल पॉपर यांची, आणि ती फार गाजली. लायक टिकतात, आणि लायक कोण तर जे टिकतात ते; म्हणजे हा वाटोळा फेरा झाला, पारखून पाहता येईल असे शास्त्र नव्हे, अशा आशयाचे मत त्यांनी १९७४ मध्ये छापून दिले. उत्क्रांतीच्या विरोधकांनी ते डोक्यावर घेऊन नाचवले. परंतु १९७८ मध्ये पॉपर यांनी हे मत जाहीरपणे मागे घेतले, ते मात्र कोणी नाचवीत नाही. रिचर्ड ल्युऑन्टिन यांनी १९७० मध्येच फेरा तोडून दाखवला होता. एका समूहात व्यक्तीव्यक्तींत फरक असावेत, ते फरक संततीत उतरावेत, आणि त्या फरकांमुळे कोणाची संतती जास्त तर कोणाची कमी व्हावी. या तीन गोष्टी जेथे असतील तेथे निवड घडणारच. प्रत्येक गोष्ट वेगळी मोजता येते. त्याआधी १९६८ मध्ये मोटू किमुरा यांनी दाखवले की रेणूंच्या पातळीवरचे कितीतरी बदल तर निवडीनेही नव्हे, निव्वळ योगायोगाने रुजतात. जेथे योगायोगच कारभारी, तेथे पायऱ्या कोण बांधणार?

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल की सगळेच तत्त्वज्ञ असे हिशेबी नसतात. खरे आहे. आंरी बर्गसाँ यांनी १९०७ च्या ग्रंथात जीवनाच्या अंगच्या एका सर्जक प्रेरणेची कल्पना मांडली. योगी अरविंदांनी जडापासून चैतन्याकडे जाणारी चढण पाहिली. रब्बी अब्राहम आयझॅक कुक यांना तर उत्क्रांतीची कल्पना काब्बालाच्या शिकवणीशी जुळणारी वाटली, कारण तीत जग वर वर जाताना दिसते. या थोरांबद्दल आम्हांला आदर आहे. पण त्यांनी सांगितली ती श्रद्धा आहे, आशा आहे. विश्वाकडून काय अपेक्षा करावी हे ती सांगते. सशांच्या कळपात काय घडले हे सांगत नाही. श्रद्धेला शास्त्राचा झगा चढवला की दोहोंचेही नुकसान होते.

तेव्हा हिशेब असा उरतो. उत्क्रांतीची सीमारेषा नेमकी कोठे आखावी, जनुके मोजावीत की जोड्या, की संपूर्ण वंशशाखा, यावर जीवशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ यांच्यात मतभेद आहेत आणि राहतील. परंतु जो तो आपले मोजमाप उघडपणे मांडतो, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मोजमापात उच्चनीच असा रकाना नाही. तो रकाना आपण घरून आणलेला आहे.

आता आम्ही आमच्याच दारात येतो. अलिबागजवळच्या नवगावची कथा प्रत्येक बेने इस्राएल मुलाने ऐकलेली असते: गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, त्यांचे आपण वंशज. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती आपल्या इतिहासात नोंदवली. तो ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये लिहिला आणि १९३७ मध्ये छापला गेला. या कथेला कागदोपत्री पुरावा नाही. तरी जीवशास्त्रज्ञ ती ऐकून कान टवकारतील. थोडी माणसे मोठ्या समूहातून निसटतात, वेगळी राहतात, आपसांत लग्ने करतात. अशा वेळी त्या मूठभरांजवळ योगायोगाने जी जनुके असतील तीच पुढच्या हजारोंत पसरतात. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये याला 'संस्थापकांचा परिणाम' अशा अर्थाचे नाव दिले. आजीच्या तोंडची गोष्ट आणि जीवशास्त्राचे प्रकरण एकमेकांना इतकी जवळ आलेली क्वचितच आढळतील.

२०१६ मध्ये आमच्या समाजाच्या आनुवंशिकतेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अठरा बेने इस्राएल व्यक्तींची जनुके इतर ज्यू आणि भारतीय समूहांशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा की आमच्यात मध्यपूर्वेतील ज्यूंचा वारसाही भरघोस आहे आणि भारतीय वारसाही भरघोस आहे. हे मिश्रण सुमारे एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे साधारण साडेसहाशे ते हजारावर वर्षांपूर्वीचे दिसते. मध्यपूर्वेचा अंश पुरुषांकडून जास्त आला, भारतीय अंश स्त्रियांकडून जास्त आला, आणि त्यानंतर समाज मुख्यतः आपसांतच लग्ने करीत राहिला.

हा अभ्यास आला आणि आमच्यात पुन्हा दोन तट पडले. एक म्हणाला, "पाहा, आम्ही अस्सल ज्यू, शास्त्राने शिक्का मारला!" दुसरा हिरमुसला, "म्हणजे आम्ही मिश्र तर!" दोघेही पुन्हा त्याच शिडीवर! अभ्यासाने प्रमाण सांगितले होते. यांनी त्यातून पायरी काढली. मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, एवढेही कोणी ध्यानात घेतले नाही. आणि शिक्का मारायला शास्त्र म्हणजे काय तहसील कचेरी आहे? शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आमच्या पूर्वजाने आपली जनुके तपासून मग घाणा बंद ठेवला नव्हता. ज्यू कोण हा धर्माचा, परंपरेचा आणि आचरणाचा प्रश्न आहे. जनसमूहात कोणते जनुक किती, हा जीवशास्त्राचा. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या कागदावर शोधणे म्हणजे पंचांगात बाजारभाव पाहणे.

हा फरक न पाळल्याची किंमत आम्ही चुकवलेली आहे. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहांपूर्वी त्यांच्या वंशाची मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असे फर्मान काढले. मराठीत म्हणतात तसे, 'बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर' अशी आमच्या मुलामुलींची गत झाली. समाजाने जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडले. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये, बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, असे सरकार आणि संसदेने जाहीर केले, आणि फर्मानातून आमचे नाव निघाले. ते फर्मान शास्त्राच्या नावावर निघाले नव्हते, हे मान्य. पण ज्या समाजाने वंशाच्या चौकशीविरुद्ध रस्त्यावर रात्री काढल्या, त्याच समाजातील कुटुंबांनी आज हौसेने नळीत थुंकी घालून पाठवावी आणि आलेल्या टक्क्यांवरून एकमेकांना जोखावे, हे पाहून आम्हांला हसावे की रडावे ते कळत नाही. चाचणी करू नका असे आम्ही म्हणत नाही. आजारासाठी जरूर करा. टक्क्यांवरून माणूस तोलू नका.

कारण आपण ज्या भूमीवर राहतो तिने टक्क्यांचे राज्य भोगलेले आहे. पॅरामॅटा हे नाव येथील मूळ रहिवाशांच्या, दरुग लोकांच्या, 'बरामट्टा' या शब्दापासून आले. अर्थ, वाम मासे पडून असतात ती जागा. तो मासा आमच्या ताटात चालत नाही, पण त्यांचा तो आधार होता. गव्हर्नर मॅक्वारी यांनी या लोकांच्या मुलांना 'सुधारण्या'साठी पॅरामॅटात एक संस्था काढली. ती १८१५ मध्ये सुरू झाली. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवले जाई. १८१९ च्या सार्वजनिक परीक्षेत सुमारे शंभर गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिले बक्षीस पटकावले ते या संस्थेतल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने. ती दरुग लोकांची होती. पुढे मरिया लॉक या नावाने ती ओळखली गेली.

एका परीक्षेने डोळे उघडायला हवे होते. घडले उलटेच. शतक सरता सरता 'हे लोक उत्क्रांतीच्या खालच्या पायरीवर आहेत, आपोआप नाहीसे होतील' असे विद्वान म्हणवणारे लोक बिनदिक्कत लिहू लागले. १९०९ च्या न्यू साउथ वेल्सच्या कायद्याने या लोकांचा कारभार एका मंडळाच्या हाती दिला आणि मुले घरांतून नेली गेली. अर्धे रक्त, पाव रक्त, अशी माणसांची मोजदाद सरकारी कागदांवर होत असे. डॉबझान्स्कींच्या व्याख्येतून यातले एक अक्षरही निघत नाही. सर्व काही निघते ते शिडीतून.

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या घरातला कोपराही झाडावा. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आमच्याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला; एकत्र पंगत नाही, सोयरीक नाही. तीही शिडीच. आजही लग्न जुळवताना मुलीचा रंग कुजबुजत विचारला जातो, तेव्हा तिचा तुटका दांडा हाती धरलेला असतो.

आता "हा नुसता एक तर्क आहे" म्हणणाऱ्यांना दोन शब्द. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत सांगितले की डार्विनचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिले नाही की सांगितले नाही. शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला. २०२३ मध्ये तर राष्ट्रीय मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गळाला, आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. मंत्रीमहाशयांचे वाक्य आणि आमच्या वडीलधाऱ्यांचे वाक्य यांत फरक तो काय? एका माकडाचा एक माणूस होतो, असे कोणत्याच जीवशास्त्रज्ञाने म्हटलेले नाही. माणूस आणि आजची माकडे यांचे फार जुने पूर्वज एक होते, आणि त्यांच्यापासून निघालेले समूह पिढ्यान्‌पिढ्या बदलत वेगळे झाले, असे शास्त्र म्हणते. जे कोणी म्हटलेच नाही ते खोडून काढणे सोपे असते. त्याला विद्वत्ता म्हणत नाहीत.

तोरा आणि शास्त्र यांचा मेळ कसा घालावा, हे ज्याने त्याने आपल्या रब्बींना विचारावे. ते आमचे काम नव्हे. घरातून मात्र तीन गोष्टी व्हाव्यात. मुलाने विचारले तर "तुझ्या पुस्तकात व्याख्या काय दिली आहे ती वाचून दाखव" असे म्हणावे, आणि ती संपेपर्यंत मोठ्यांनी मध्ये बोलू नये. आपल्या भरभराटीबद्दल बोलताना 'उत्क्रांती' हा शब्द तोंडातून काढून टाकावा. 'प्रगती' हा शब्द कोणी मोडीत काढलेला नाही. आणि ज्यांच्या जमिनीवर आपण घरे बांधली त्यांना, आपल्या शेजाऱ्यांना, किंवा आपल्यातल्याच कोणाला कोणी 'मागासलेल्या पायरीचे' म्हणाले, तर जेवणाच्या मेजावरच त्याला थांबवावे, मग तो पाहुणा असो की यजमान.

नवगावच्या किनाऱ्याला जी चौदा माणसे लागली म्हणतात, ती कोणत्या पायरीची होती, हे त्यांना आसरा देणाऱ्या कोकणी गावाने विचारले नाही. त्याने विचारले असते, तर हा लेख वाचायला आपण कोणी नसतो.